गोव्यातील सभासदांचा गोल्फ क्लब: कारभार कसा करावा आणि सभासदांना काय, केव्हा, कसे कळवावे

हॉटेलच्या आवारातला गोल्फ कोर्स आणि सभासदांचा गोल्फ क्लब बाहेरून सारखेच दिसतात. काणकोणच्या राजबागेसारख्या ठिकाणी आलेला पाहुणा ग्रीन फी (एका फेरीचे शुल्क) भरतो, नऊ होल (चेंडू खळग्यात घालण्याचे नऊ टप्पे) खेळतो आणि निघून जातो. एखादे ग्रीन (खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) खराब असले तर फार तर पुढच्या खेपेस तो दुसरीकडे जाईल. सभासदांच्या क्लबात मात्र खेळणाराच मालक असतो. त्याच्या प्रवेश शुल्कातून गवत कापण्याची यंत्रे आलेली असतात, त्याच्या वर्गणीतून माळ्यांचे पगार होतात आणि उद्या तोच कार्यकारिणीवर निवडून येऊ शकतो. म्हणून अशा क्लबाचा कारभार आणि त्या कारभाराची सभासदांना दिलेली माहिती एकाच कामाचे दोन भाग मानावेत, असे माझे ठाम मत आहे. गोव्यातल्या एका लहान, नऊ होलच्या क्लबाचे मानद सचिवपद मी काही वर्षे सांभाळले. त्या काळात चुकीच्या निर्णयांवरून झालेली भांडणे थोडीच होती. निर्णय बारमध्ये किंवा कॅडीच्या (खेळाडूची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाच्या) तोंडून कळला म्हणून दुखावलेले सभासद त्यांहून कितीतरी अधिक होते. पुढे दिलेला क्रम नव्या कार्यकारिणीने पहिल्याच वर्षी बसवून घ्यावा.

पहिली पायरी: क्लब कागदावर काय आहे, ते वाचून घ्या

बहुतेक क्लब सोसायटी नोंदणी कायदा, १८६० याखाली नोंदलेले असतात. काही कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खाली (नफा न वाटणाऱ्या कंपन्यांसाठीचे कलम). आपला क्लब यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे अनेक कार्यकारिणी सदस्यांना सांगता येत नाही. पहिल्या बैठकीतच घटना, नियमावली आणि नोंदणीचे प्रमाणपत्र टेबलावर ठेवून मोठ्याने वाचावे. त्यात एक संध्याकाळ जाते, पण पुढची दोन वर्षे सुरळीत जातात.

१८६० च्या मूळ कायद्यातली तीन कलमे सचिवाला तोंडपाठ हवीत. कलम ४ प्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर चौदा दिवसांच्या आत नव्या कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे सादर करायची असते. कलम १२ प्रमाणे क्लबाचे उद्देश बदलायचे असतील तर प्रस्ताव विशेष सभेच्या दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाला हाती द्यावा किंवा टपालाने पाठवावा लागतो, त्याला तीन पंचमांश मते लागतात, आणि एक महिन्याच्या अंतराने भरवलेल्या दुसऱ्या विशेष सभेत तितक्याच मतांनी तो पुन्हा मंजूर व्हावा लागतो. कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे, त्याला मत देता येत नाही. राज्याने वेळोवेळी केलेल्या दुरुस्त्या निबंधकांच्या कार्यालयात विचारून घ्याव्यात. क्लब कलम ८ खालची कंपनी असेल तर सर्वसाधारण सभेची सूचना किमान पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते.

जमिनीचा कागद याच बैठकीत पाहावा. गोव्यात जमीन कोमुनिदादची (गावाच्या जुन्या सामाईक जमीनसंस्थेची) असू शकते, खासगी मालकाची असू शकते, किंवा काही होल एकाच्या आणि काही दुसऱ्याच्या जमिनीवर असू शकतात. भाडेपट्टा कधी संपतो, ही तारीख दरवर्षीच्या अहवालात पहिल्या पानावर छापावी. जी गोष्ट क्लबाचे अस्तित्वच ठरवते, ती सभासदांना माहीत नसणे योग्य नाही.

दुसरी पायरी: कोणती बातमी कोणाच्या सहीने जाईल, ते ठरवा

एकच बातमी कॅप्टन, सचिव आणि कॅडीमास्टर या तिघांकडून तीन तऱ्हांनी बाहेर पडली की सभासदाचा कशावरच विश्वास राहत नाही. म्हणून कामाची वाटणी लेखी करावी. कोर्स उघडा की बंद, कोणते ग्रीन तात्पुरते, गोल्फची गाडी फेअरवेवर (टीपासून ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या पट्ट्यावर) नेता येईल की नाही, हे कोर्स सांभाळणारा अधीक्षक सकाळी ठरवील आणि सचिवाच्या कार्यालयातून ते जाहीर होईल. स्पर्धा, ड्रॉ (कोण कोणाबरोबर केव्हा खेळणार, ती यादी) आणि निकाल कॅप्टनच्या सहीने जातील. पैशाची प्रत्येक सूचना खजिनदाराच्या सहीने आणि सभा, निवडणूक, शिस्तभंग व अपघात यांविषयीची प्रत्येक सूचना सचिवाच्या सहीने जाईल. कार्यकारिणीच्या अन्य सदस्यांनी बारमध्ये विचारलेल्या प्रश्नाला “पत्र निघेल” एवढेच उत्तर द्यावे. हे जड वाटते, पण सवयीने जमते.

माध्यमेही ठरवून घ्यावीत. तातडीच्या गोष्टींसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त कार्यालयालाच लिहिता येईल असा गट, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ईमेलने जाणारे एक पत्र, क्लबहाउसमधला फलक आणि कॅडी शेडमधला फलक, ही चार पुरतात. सर्वांना बोलता येईल असा गट कार्यालयाने स्वतः कधीही चालवू नये, कारण रात्री अकरा वाजता तिथे टाकलेल्या तक्रारीला उत्तर न दिल्याचा दोषही कार्यालयावर येतो आणि घाईत दिलेल्या उत्तराचाही. ज्येष्ठ सभासदांपैकी जे फोन फारसा पाहत नाहीत, त्यांची यादी करून त्यांना मासिक पत्र छापून पाठवावे. हे दहा-पंधरा लोकच बहुधा क्लबाच्या स्थापनेपासूनचे असतात आणि सभेला न चुकता येतात.

भाषेचा प्रश्न गोव्यात टाळता येत नाही. सभासदांचे पत्र इंग्रजीत निघते, बारमधले बोलणे कोंकणीत चालते आणि सकाळी अनेकांच्या हातात मराठी वर्तमानपत्र असते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषा करताना मराठीच्या वापरासाठीही तरतूद ठेवली, ती याच वस्तुस्थितीला धरून होती. कॅडी, माळी आणि स्वयंपाकघरातले कामगार यांच्यासाठीची सूचना देवनागरीतून, मराठीत किंवा कोंकणीत, मोठ्या अक्षरांत असावी. परराज्यांतून आलेल्या कामगारांसाठी हिंदीत. कॅडीला सूचना कळली नाही तर ती सभासदालाही नीट कळत नाही, कारण पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेवर) सभासद त्यालाच विचारतो.

तिसरी पायरी: सभासदांची नोंदवही खरी ठेवा

नोंदवहीत नाव, सभासदत्वाचा प्रकार, प्रवेशाची तारीख, कुटुंबातील खेळणाऱ्या व्यक्ती, हँडिकॅप (खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सवलत) क्रमांक, वर्गणीची स्थिती आणि सूचना कशी हवी, एवढेच असावे. वर्षातून एकदा, जानेवारीत, प्रत्येकाला त्याची नोंद पाठवून दुरुस्ती मागवावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ आल्यापासून ही माहिती कशासाठी घेतली आणि कोणाला दिली, याचे उत्तर क्लबाकडे असले पाहिजे. सभासदांचे फोन क्रमांक एखाद्या सभासदाच्या व्यवसायाच्या जाहिरातीसाठी देणे बंद करावे, मग मागणारा कितीही जुना असो.

चौथी पायरी: कोर्सचे वर्ष आखा आणि ते आधी जाहीर करा

सभासदाला सर्वांत जास्त काय जाणून घ्यायचे असते? ग्रीन कसे आहेत, एवढेच. आणि गोव्यात ग्रीन कसे असतील, हे पावसावर ठरते. इथे वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे याच कोर्सवर जुलैत पाणी कसे काढावे आणि एप्रिलमध्ये ते कोठून आणावे, असे दोन उलटे प्रश्न असतात. हे ज्याने एकदा समजावून सांगितले, त्याला वर्षभर खुलासे द्यावे लागत नाहीत. म्हणून १ एप्रिलला पुढच्या बारा महिन्यांचे कोर्सचे वेळापत्रक प्रसिद्ध करावे.

त्यात पहिली नोंद ग्रीनला भोके पाडण्याची असावी. ग्रीनवर रोज माणसे चालतात, माती दाबली जाते, मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही. म्हणून यंत्राने लहान लहान भोके पाडून मातीचे गाभे काढतात आणि वर वाळू पसरतात. बर्म्युडा किंवा पास्पॅलम जातीचे गवत उष्ण हवामानात जोमाने वाढते, त्यामुळे हे काम गवताच्या वाढीच्या काळात, आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत आणि पुन्हा पाऊस ओसरल्यावर, करावे. त्यानंतर दोन ते तीन आठवडे ग्रीन खडबडीत राहते आणि पट (ग्रीनवरचा हलका, घरंगळता फटका) नीट जात नाही.

याच बाबतीत आमच्या कार्यकारिणीकडून झालेली चूक सांगण्यासारखी आहे. ऑक्टोबरच्या एका सोमवारी अधीक्षकाने अगदी योग्य वेळी, योग्य पद्धतीने हे काम सुरू केले. पण त्याच शनिवारी बाहेरगावच्या क्लबाचा संघ मैत्रीपूर्ण सामन्यासाठी येणार होता आणि कॅप्टनला कामाची कल्पना नव्हती. पाहुणे आले तेव्हा प्रत्येक ग्रीनवर वाळू होती. सभासदांनी दोष अधीक्षकाला दिला, त्याचा मात्र काहीच दोष नव्हता. त्या दिवसापासून कोर्सचे वेळापत्रक आणि स्पर्धांचे वेळापत्रक एकाच कागदावर छापण्याचा नियम आम्ही केला, आणि तो प्रत्येक क्लबाने करावा.

अशा कामाची सूचना कशी लिहावी, याचा नमुना:

“सोमवार ते बुधवार या तीन दिवसांत सर्व ग्रीनला भोके पाडून वाळू देण्याचे काम होईल. त्या तीन दिवसांत तात्पुरती ग्रीन वापरावीत. गुरुवारपासून मूळ ग्रीन खुली होतील, परंतु सुमारे तीन आठवडे पृष्ठभाग खडबडीत राहील. हे काम न केल्यास पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात. या काळात पाहुण्यांची ग्रीन फी निम्मी राहील. शंका असल्यास सचिवांना सकाळी १० ते १२ या वेळेत भेटावे.”

यात काय होणार, केव्हा, किती दिवस, का, त्याबद्दल शुल्कात दिलेली सवलत आणि कोणाला विचारायचे, हे सगळे आले. “देखभालीच्या कामासाठी गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत” एवढी सूचना लावणे म्हणजे काहीच न कळवणे.

वाळूविषयीही एक गोष्ट सभासदांना सांगावी. गोव्यात नदीतून वाळू काढण्यावर निर्बंध आहेत, त्यामुळे ग्रीनला लागणारी स्वच्छ, एकसारख्या कणांची वाळू वेळेवर आणि योग्य कागदपत्रांसह मिळणे कठीण असते. स्वस्तात, रात्री, पावतीशिवाय येणारी वाळू घेऊ नये. काम पंधरा दिवस पुढे गेले तर त्याचे खरे कारण कळवावे. बहुतेक सभासद ते समजून घेतात.

पावसाळ्यात एरवी ३ ते ५ मिलिमीटरवर कापले जाणारे ग्रीन थोडे उंच ठेवावे लागते, कारण ढगाळ हवेत गवताला ऊन कमी मिळते, आणि सततच्या ओलीमुळे बुरशीचे रोग येतात. चेंडू संथ जातो. जुलैच्या पत्रात हे दोन ओळींत लिहिले की “कापायला माणसे नाहीत का” हा प्रश्न येत नाही. खरे तर माणसे कमी पडतात ती चवथीला. गणेशोत्सवात गावातले माळी आणि कॅडी घरी जातात, आणि नेमके तेव्हाच गवत झपाट्याने वाढत असते. त्या आठवड्यात फक्त ग्रीन आणि टी कापली जातील, फेअरवे नंतर, असे आधीच जाहीर करावे आणि त्या काळात स्पर्धा ठेवू नये. चवथीला कामगाराला अडवून ठेवणारा क्लब पुढच्या वर्षी तो कामगार गमावतो.

पाण्याचा विषय सर्वांत नाजूक आहे. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत कोर्स हिरवा आणि शेजारच्या वाड्यावरच्या विहिरी आटलेल्या, असे चित्र गावाला दिसले तर क्लब कितीही नियमाने वागत असला तरी त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पाणी आणि जमीन यांमुळेच गोव्यात गोल्फविषयी अनेक वर्षे संशय राहिला आहे. तेरेखोल येथील गोल्फ प्रकल्पाला गावकऱ्यांनी विरोध केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. हा संशय क्लबाने गांभीर्याने घ्यावा. विहिरी आणि कूपनलिका गोवा भूजल नियमन कायदा, २००२ प्रमाणे नोंदलेल्या आहेत की नाहीत, ते पाहावे. प्रत्येक पंपावर मीटर बसवावे, दर सोमवारचा आकडा फलकावर लावावा आणि तोच आकडा महिन्यातून एकदा पंचायतीला पत्राने कळवावा. पाणी कमी करायचे झाले तर क्रम ठरलेला असावा: आधी रफ (फेअरवेच्या कडेचे उंच गवत), मग फेअरवे, शेवटी टी आणि ग्रीन. मार्चच्या पत्रात हा क्रम छापला म्हणजे मेमध्ये पिवळ्या पडलेल्या फेअरवेबद्दल कोणी कार्यालयात येऊन ओरडत नाही. क्लबहाउसच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते कोर्सला देण्याची योजना असेल तर तिचा खर्चही सभासदांपुढे ठेवावा. मला हा खर्च नव्या बारपेक्षा कधीही अधिक योग्य वाटला आहे.

पाचवी पायरी: रोजची आणि धोक्याची सूचना

कोर्सची स्थिती रोज सकाळी सहाच्या आत एकाच साच्यात जावी: कोर्स उघडा आहे किंवा नाही, तात्पुरती ग्रीन कोणती, गाडी चालेल की नाही, कोणता स्थानिक नियम (या कोर्सपुरता केलेला) लागू आहे. म्हापशाहून किंवा मडगावहून गाडी काढण्याआधी सभासदाला एवढेच हवे असते.

आकाशातून पडणारी वीज हा गोव्यातल्या कोर्सवरचा सर्वांत मोठा धोका आहे. मे महिन्यातल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसात दुपारी ती अचानक येते. मोकळ्या पठारावर हातात धातूची काठी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दुसरा आसरा नसतो. गोल्फच्या नियम ५.७ प्रमाणे समितीने तात्काळ थांबण्याचा इशारा दिला की खेळाडूला पुढचा फटकाही मारता येत नाही. भोंग्याचे प्रचलित संकेत असे आहेत: एक लांब आवाज म्हणजे ताबडतोब थांबा, लागोपाठ तीन आवाज म्हणजे सुरू असलेले होल संपवून थांबता येईल, दोन छोटे आवाज म्हणजे पुन्हा सुरू करा. हे स्कोअरकार्डच्या मागे, पहिल्या टीवर आणि कॅडी शेडमध्ये छापलेले असावेत. वीज चमकणे आणि गडगडाट यांत ३० सेकंद किंवा त्याहून कमी अंतर असेल तर आसरा घ्यावा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ अ‍ॅप कॅडीमास्टरच्या फोनवर असावेच. भोंगा वाजवण्याचा अधिकार एका माणसाला द्यावा आणि त्याने तो वाजवला म्हणून त्याला कोणी कधीही जाब विचारणार नाही, असे कार्यकारिणीने लेखी द्यावे.

अपघात झाला, चेंडू कोणाला लागला किंवा सापाने कोणाला दंश केला, तर रुग्ण रुग्णालयात पोहोचल्यानंतर त्याच दिवशी सभासदांना चार ओळी कळवाव्यात: काय झाले, रुग्णाची सर्वसाधारण स्थिती, क्लबाने काय केले. नाव कुटुंबाच्या परवानगीशिवाय देऊ नये आणि दोष कोणाचा, हे चौकशी संपेपर्यंत लिहू नये. विमा सभासदांबरोबर कॅडींचा आणि कुंपणाबाहेर लागणाऱ्या चेंडूचाही आहे ना, हे नूतनीकरणाच्या वेळी तपासावे.

सहावी पायरी: स्पर्धा आणि हँडिकॅप

स्पर्धेच्या अटी नोंदणी उघडताना जाहीर व्हाव्यात: प्रकार, हँडिकॅपची मर्यादा, कोणती टी, बरोबरी कशी सोडवणार, पाऊस आला तर किती होल पुरे. बरोबरी शेवटच्या नऊ, मग सहा, तीन आणि एक होलच्या स्कोअरवर सोडवायची असेल तर ते आधी लिहावे. बक्षीस समारंभात सांगितलेला नियम हरणाऱ्याला अन्यायच वाटतो. ड्रॉ शुक्रवारी संध्याकाळी सहाला लागतो म्हटले की सहालाच लागला पाहिजे. रविवारच्या साध्या स्पर्धेसाठी मी स्टेबलफोर्ड पद्धत सुचवीन. तीत बोगीला (होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक जास्त) एक, पारला (ठरलेले फटके) दोन, बर्डीला (एक कमी) तीन गुण मिळतात, आणि गुण मिळण्याची शक्यता संपली की चेंडू उचलता येतो, त्यामुळे मागचा गट खोळंबत नाही.

पावसाळ्यात फेअरवेवर चेंडू उचलून पुसून ठेवण्याची मुभा द्यायची असेल तर तो स्थानिक नियम आहे आणि तो कुठपर्यंत व किती अंतरात, हे लिहून लावावे लागते. साचलेल्या पाण्यातून सुटका मात्र मूळ नियमांतच आहे. तात्पुरत्या ग्रीनमुळे कोर्सची लांबी फार बदलली असेल तर त्या फेरीचा स्कोअर हँडिकॅपसाठी धरायचा की नाही, हे समितीने त्याच सकाळी जाहीर करावे.

हँडिकॅपवरून होणारे गैरसमज ही पद्धत न समजल्याने होतात, म्हणून वर्षातून एकदा मासिक पत्रात ती उदाहरणासह द्यावी. जागतिक हँडिकॅप पद्धत २०२० पासून लागू झाली. नव्या खेळाडूला ५४ होलचे स्कोअर द्यावे लागतात. पुढे शेवटच्या २० फेऱ्यांतील सर्वांत चांगल्या ८ फेऱ्यांच्या सरासरीवर त्याचा हँडिकॅप निर्देशांक ठरतो आणि तो कमाल ५४.० असू शकतो. निर्देशांक कोर्सनुसार बदलून घ्यावा लागतो: त्याला कोर्सच्या स्लोप रेटिंगने (सामान्य खेळाडूला कोर्स तुलनेने किती अवघड जातो, तो आकडा) गुणून ११३ ने भागावे आणि त्यात कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला लागणारे अपेक्षित फटके) व पार यांतला फरक मिळवावा. समजा निर्देशांक १८.०, स्लोप १२०, कोर्स रेटिंग ७०.२ आणि पार ७२ आहे. १८ गुणिले १२० भागिले ११३ म्हणजे १९.१; त्यातून १.८ वजा करून १७.३, म्हणजे १७ फटके. एवढे मांडून दाखवले की “दुसऱ्या क्लबात मला १९ मिळतात, इथे १७ का” हा प्रश्न सुटतो.

निर्देशांक एका वर्षातल्या नीचांकापेक्षा ३.० हून अधिक वाढला तर त्यापुढची वाढ निम्मीच धरली जाते आणि ५.० च्या वर ती थांबते, हेही सांगावे. खेळलेला प्रत्येक पात्र स्कोअर त्याच दिवशी नोंदवायचा असतो. वाईट स्कोअर नोंदवून चांगले खिशात ठेवणाऱ्यांशी हँडिकॅप समितीने आधी समक्ष बोलावे, मगच पत्र लिहावे. कोर्सचे रेटिंग किमान दर दहा वर्षांनी नव्याने व्हावे लागते. भारतीय गोल्फ युनियनकडे त्याची विनंती वेळेत करावी आणि शेवटचे रेटिंग कधी झाले ते फलकावर असावे.

सातवी पायरी: पैसा उघडा ठेवा

वर्गणी वाढवण्याची सूचना मार्चच्या शेवटच्या आठवड्यात देणे ही जवळपास सगळ्याच क्लबांची चूक असते. जानेवारीत अंदाजपत्रक कार्यकारिणीत मंजूर करावे, फेब्रुवारीत ते पत्राने पाठवावे, मार्चच्या सुरुवातीला एका संध्याकाळी खजिनदाराने क्लबहाउसमध्ये बसून प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि मग १ एप्रिलपासून नवे दर लागू करावेत.

सभासदाला ताळेबंद वाचता येतोच असे नाही, पण एका फेरीचा खर्च त्याला लगेच समजतो. समजा वर्षभरात कोर्सवर ६० लाख रुपये खर्च झाले आणि १२,००० फेऱ्या खेळल्या गेल्या, तर एक फेरी सरासरी ५०० रुपयांना पडली. पाहुण्याची ग्रीन फी ४०० असेल तर सभासद म्हणतील की आम्ही त्याला पैसे देऊन खेळवतो. इथे खजिनदाराने पुढचा मुद्दाही मांडावा: मंगळवारी दुपारी रिकाम्या कोर्सवर आलेल्या पाहुण्यामुळे खर्च फारसा वाढत नाही आणि ४०० रुपये मिळतात, रविवारी सकाळी तोच पाहुणा सभासदाची जागा अडवतो. म्हणून पाहुण्यांचे दर वारानुसार आणि वेळेनुसार वेगळे असावेत. नाताळ ते नववर्ष या काळात पर्यटकांची मागणी वाढते, तेव्हा खेळ सुरू करण्याच्या सकाळच्या कोणत्या वेळा सभासदांसाठी राखीव आहेत, हे नोव्हेंबरातच कळवावे.

चालू खर्च आणि भांडवली खर्च वेगळे दाखवावेत. ग्रीन कापण्याचे यंत्र कधीतरी बदलावे लागणारच. त्यासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला काढलेली नसेल तर तो दिवस आला की सभासदांकडून विशेष आकार मागावा लागतो आणि तो कोणालाही आवडत नाही. वस्तू व सेवा कराबद्दल सभासद नेहमी विचारतात. सभासद आणि क्लब एकच, म्हणून त्यांच्यातल्या व्यवहारावर कर नाही, या तत्त्वाच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जुन्या सेवा कराच्या प्रकरणात निकाल दिला होता. त्यानंतर २०२१ च्या वित्त कायद्याने वस्तू व सेवा कर कायद्यात सभासद आणि क्लब यांना वेगळे मानणारा, १ जुलै २०१७ पासून लागू होणारा पूर्वलक्षी बदल केला आणि त्यावरही न्यायालयांत वाद झाले. क्लबाने स्वतः अर्थ लावत बसू नये. सनदी लेखापालाचे लेखी मत घेऊन त्याचा सारांश सभासदांना द्यावा.

थकबाकीदाराला तीन वेळा खासगीत कळवावे, तिसऱ्या पत्रात मतदानाचा अधिकार जाण्याची तारीख लिहावी, आणि नियमावलीत असेल तरच नाव फलकावर लावावे. तिसऱ्या पत्राआधी खजिनदाराने एक फोन करावा. अनेकदा घरात आजारपण किंवा मृत्यू असतो आणि कार्यालयाला त्याचा पत्ता नसतो.

आठवी पायरी: सभा आणि तक्रारी

कार्यकारिणीच्या प्रत्येक बैठकीनंतर सात दिवसांत निर्णयांचा एक पानी गोषवारा फलकावर लावावा. संपूर्ण इतिवृत्त मंजूर होईपर्यंत थांबू नये, कारण तोवर दुसऱ्या वाटेने अर्धी बातमी पोहोचलेली असते. व्यक्तींविषयीची चर्चा त्यात नसावी. वार्षिक सभेच्या सूचनेबरोबर अहवाल, लेखापरीक्षित हिशेब, उमेदवारी अर्ज आणि मागच्या सभेत दिलेल्या आश्वासनांची यादी पाठवावी. प्रत्येक आश्वासनापुढे “झाले”, “चालू आहे” किंवा “झाले नाही, कारण” असे लिहावे. ही यादी लिहिताना कार्यकारिणीला त्रास होतो, पण सभेत तासभर होणारी चर्चा तिच्यामुळे टळते.

तक्रार नोंदवहीतच घ्यावी, सात दिवसांत लेखी उत्तर द्यावे आणि उत्तरावर एकाच माणसाची सही असावी. सभासदाने माळ्याला, कॅडीला किंवा वेटरला परस्पर हुकूम देऊ नये, ही अट प्रवेशाच्या वेळीच वाचून दाखवावी. चौथ्या ग्रीनवरच्या माळ्याला एका सकाळी तीन सभासद तीन वेगवेगळ्या सूचना देऊन गेले, तर त्याने कोणाचे ऐकायचे? कॅडींच्या तक्रारींसाठी वेगळी वही असावी आणि ती कॅडीमास्टरकडे न ठेवता कार्यालयात ठेवावी. कॅडीचा दर, त्याचा विमा आणि पावसाळ्यात काम नसते तेव्हाची व्यवस्था यांवरचे निर्णय दोन्ही फलकांवर एकाच वेळी लागले पाहिजेत.

शेवटची पायरी: पुढच्या कार्यकारिणीच्या हाती देताना

निवडणुकीनंतरच्या पहिल्या आठवड्यात जुन्या आणि नव्या सचिवाने एकत्र बसून यादीने ताबा द्यावा: नोंदणीची मूळ कागदपत्रे, जमिनीचा भाडेपट्टा, विहिरींच्या नोंदी आणि मीटरचे आकडे, इतिवृत्ताच्या वह्या, सभासदांची नोंदवही, विम्याची कागदपत्रे, अबकारी आणि अन्न परवान्यांच्या मुदती, रेटिंगचे प्रमाणपत्र, ईमेल व व्हॉट्सअ‍ॅप गटाचे नियंत्रण, बँकेतील सह्यांचा बदल आणि निबंधकाकडे चौदा दिवसांत द्यावयाच्या यादीचा मसुदा. अर्धवट राहिलेली कामे आणि सभासदांना दिलेले शब्द यांचे वेगळे पान करावे. यादीवर दोघांनी सही करावी, एक प्रत कार्यालयात ठेवावी, आणि त्या संध्याकाळी सभासदांना जाणाऱ्या पहिल्या सूचनेत नव्या सचिवाचे नाव, भेटण्याची वेळ आणि पुढच्या मासिक पत्राची तारीख द्यावी.